सतरा मिनिटांचं बाळंतपण

नृसिंहरावांच्या मनगटावर ते घड्याळ आलं आणि नगरच्या तोफखाना भागातल्या त्या गल्लीचं स्वास्थ्य गेलं. तोवर हा माणूस फार सोसण्याजोगा होता असं नाही, पण निदान रिकाम्या हातांनी बोलायचा. सकाळी सायकलवर टांग मारून भिंगारला लष्करी कचेरीत जायचं, तिथे हेडक्लार्क म्हणून चार कारकुनांना पिडायचं, संध्याकाळी परत यायचं आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणं करून सोडायचं, हा नृसिंहरावांचा परिपाठ. मीठ कुठलं खावं, जोडा कसा शिवून घ्यावा, हिटलर नेमका कुठे चुकला, सगळं ह्यांना ठाऊक. लढाईच्या दिवसांत सरकारने घड्याळं तासभर पुढे सारली, तेव्हा तर नृसिंहराव गल्लीत घरोघर फिरून 'नवी वेळ' समजावून सांगत होते. एका म्हातारीने विचारलं, "म्हणजे भूकही तासभर आधी लागायची का हो?" तिच्यावर ते असे डाफरले की बिचारी घरात गेली. गल्ली हसली आणि विसरली. असल्या माणसाचं कोण मनावर घेतो?

इंदूला घ्यावं लागे, कारण ती त्यांची बायको होती. देवळाली प्रवरा इथल्या शाळामास्तरांची मुलगी, सातवी झालेली, बोलायला कमी पण कानाने फार तिखट. लग्नानंतर पहिल्या वर्षातच तिला कळून चुकलं होतं की आपल्या नवऱ्याला ज्ञान नाही, ज्ञानाची हौस आहे. तिने ते कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत संसार रेटला.

लढाई संपली, आणि सेहेचाळीस साली भिंगारचे गोरे साहेब एकेक करून विलायतेला निघाले. जाताना बंगल्यातलं सामान विकायचे. कुणी पलंग घेतला, कुणी कपबशा, कुणी घोड्याचं खोगीर. नृसिंहरावांनी एका मेजरचं मनगटी घड्याळ घेतलं. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघर इतकं गळलं होतं की इंदू डोक्यावर पोतं घेऊन भाकऱ्या भाजत होती, आणि ह्या वर्षी नवे पत्रे टाकायचे म्हणून पैसे बाजूला ठेवले होते. ते सगळे त्या मेजरच्या खिशात गेले. इंदूने विचारलं, "आणि पत्रे?" तर नृसिंहराव म्हणाले, "पत्रे काय, कुणीही टाकतं."

घड्याळ देखणं होतं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. वस्तूचा काय दोष? सोन्याची डबी, सायीच्या रंगाची तबकडी, पोलादी निळे काटे. मोठ्या तबकडीत दोन छोट्या तबकड्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. कडेला चावीच्या वर एक बटण आणि खाली एक बटण. कानाला लावलं तर आतला आवाज इतका बारीक आणि भरभर की जणू कुणी घाईघाईने तांदूळ निवडतंय. स्वित्झर्लंडातल्या कुणा कारागिराने महिनोन्महिने डोळे फोडून ते चाकाला चाक लावलं असेल. एवढ्या लांबून ते येणार कुणाच्या हातात, हे त्याला कळलं असतं तर त्याने दुसरा धंदा धरला असता.

त्यात एक लांब काटा होता, मधोमध. तो एरवी बाराच्या आकड्यावर गप्प उभा असायचा. वरचं बटण दाबलं की निघायचा, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबायचा, आणि खालचं दाबलं की टुणकन परत बारावर. सेकंदाचे पाच भाग करून तो मोजायचा. धावणारा घोडा, मोटारीचा वेग, लांबच्या तोफेचं अंतर, आजाऱ्याची नाडी, असल्या कामांसाठी ते घड्याळ घडवलेलं. तबकडीच्या कडेने त्याचे बारीक आकडे एकात एक गुंडाळले होते. मेजर तोफखान्यातला होता, त्याला त्याचा उपयोग असेल. तोफेचा जाळ दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं, आणि तोफ किती मैलांवर आहे ते वाचायचं. नृसिंहरावांची गल्लीही तोफखान्यातलीच, पण तिथे तोफ उडाल्याला पिढ्या लोटल्या होत्या. मग त्यांनी काय मोजावं? दूध उतू जायला लागणारा वेळ. चूल फुंकायचं सोडून इंदूने भांड्याकडे बघत बसायचं आणि दूध वर आलं की "आलं" म्हणायचं. ती म्हणायची आणि ह्यांचं बटण दाबून होईपर्यंत अर्धं दूध चुलीत.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाड्या पाहून झाल्या. ज्याला ताप नाही त्याला ह्यांनी ताप सांगितला आणि ज्याला हिवताप होता त्याला ठणठणीत ठरवलं. मारुतीच्या देवळात आरती किती वेळ चालते ते मोजलं आणि पुजाऱ्याला ऐकवलं की काल तू बारा सेकंद चोरलेस. पुजारी म्हणाला, "नृसिंहराव, देवाने तक्रार केली नाही, तुम्ही कशाला करता?" पण असल्या बोलण्याने शरमेल तो नृसिंहराव कसला. उथळ पाण्याला खळखळाट फार. साधी वेळ कुणी विचारली तर मात्र ह्यांचं तोंड कडू व्हायचं. किती वाजले हे कुठलंही घड्याळ सांगतं, ते विचारणं म्हणजे ह्या घड्याळाचा अपमान, असं त्यांचं मत होतं.

अडचण एकच होती. घड्याळाला चामड्याचा पट्टा होता. घरात नृसिंहरावांच्या आई, मनकर्णाबाई, आणि त्यांचं सोवळं कडक. चामडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही. नृसिंहरावांनी त्यांना समजावून पाहिलं की हे विलायती चामडं आहे. "म्हणजे कुणाचं ते मला विचारायलाच नको," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. तेव्हापासून जेवायच्या आधी सोवळ्याचा मुकटा नेसायचा, घड्याळ ओटीवरच्या खुंटीला टांगायचं आणि आत जाऊन पानावर बसायचं, असं सुरू झालं.

त्या वर्षी इंदूला दिवस गेले होते. आधीचे दोन मुलगे माहेरी झाले. आता आई राहिली नव्हती, म्हणून हे तिसरं बाळंतपण सासरीच. मुलांना शेवगावला आत्याकडे धाडलं होतं. इंदूच्या मनात मुलगी व्हावी असं फार होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही, कारण घरात ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

रविवार होता. सकाळीच इंदूच्या पोटात दुखू लागलं आणि सुईण छबूबाई येऊन बसली. बाराच्या सुमाराला ती खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "आता लई येळ न्हाई लागायचा. पानी तापवून ठिवा." हे ऐकलं मात्र, आणि नृसिंहरावांना स्फुरण चढलं. आजवर जगात कुणाची जन्मवेळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत टिपली गेली नसेल ती आपण टिपायची. पत्रिका अशी होईल की काशीचे ज्योतिषी तोंडात बोट घालतील. ओटीवर घड्याळ हातात धरून ते उभे राहिले, गावातल्या सरकारी कचेरीवर बाराचे टोल पडू लागले, आणि बाराव्या टोलाला त्यांनी वरचं बटण दाबलं. लांब काटा निघाला. आत इंदू भिंतीला पाय लावून कण्हत होती. तिला बाहेरून नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "सुरू झालं बरं का!" कुणाला सांगत होते कोण जाणे.

छबूबाईचा 'लई येळ न्हाई' हा सुईणींचा नेहमीचा धीर देण्याचा शब्द. पोर काही टोल ऐकून येत नाही. थोडा वेळ गेला तशा मनकर्णाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नृसिंहा, सोयर लागायच्या आत जेवून घे. एकदा पोर झालं की नैवेद्याचं सोवळं मोडलं." हे शास्त्राला धरूनच होतं. नृसिंहरावांनी चालतं घड्याळ खुंटीला टांगलं, मुकटा नेसला, आणि पानावर बसले. भिंतीपलीकडे बायको ओठ चावत होती. इकडे वरण-भातावर तूप पडत होतं.

जेवण झालं. विडा झाला. मुकटा सोडून, धोतर नेसून नृसिंहराव ओटीवरच्या सतरंजीवर जरा आडवे झाले. रविवारची वामकुक्षी त्यांना चुकत नसे. डोळा लागतो न लागतो तोच आतून ट्यांहां ऐकू आलं. उडी मारून ते खुंटीपाशी गेले आणि बटण दाबलं. लांब काटा थांबला. डावीकडच्या छोट्या तबकडीत मिनिटांचा काटा होता, तोही थांबला. किती वाजले ते दाखवणाऱ्या साध्या काट्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"सतरा मिनिटं, चौदा सेकंद आणि वर दोन पंचमांश!" नृसिंहराव ओरडले.

मुलगा की मुलगी हे त्यांनी त्यानंतर विचारलं. आत इंदूने दोन्ही ऐकलं, कुठलं आधी आणि कुठलं मागून तेही ऐकलं. छबूबाईने पोर तिच्या छातीशी दिलं. "लक्षुमी हाय," ती म्हणाली. इंदूला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. तिला हवी होती तीच आली होती.

संध्याकाळी विष्णुपंत जोशी आले. घरचे जुने उपाध्ये, पंचांग काखेत. त्यांनी वेळ विचारली. नृसिंहरावांनी घड्याळ पुढे केलं. काटे तिथेच थांबवून ठेवले होते. खालच्या बटणाला बोट लावणार नाही, ही वेळ अशीच जपून ठेवणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. "बाराच्या टोलाला सुरू केलं. बारा वाजून सतरा मिनिटं, चौदा सेकंद आणि दोन पंचमांश. लिहून घ्या."

विष्णुपंतांनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नृसिंहराव, साडेबारापर्यंत मूळ नक्षत्र होतं हो. पुढे पूर्वाषाढा लागतं. थोडक्यात गेलं." मुळावर जन्मलेल्या पोरीचं तोंड बापाने नक्षत्राची शांत होईपर्यंत बघायचं नाही. सत्ताविसाव्या दिवशी शांत करायची आणि तेव्हाही आधी तेलात पडलेलं प्रतिबिंब बघायचं. हे झालं आताचं. "आणि पुढचं आपण बोलायला नको," विष्णुपंत म्हणाले. बोलायची गरजही नव्हती. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, हे नगरच काय, साऱ्या मुलखात पोराटोरांना ठाऊक.

इंदूला तर फार चांगलं ठाऊक होतं. तिची सख्खी मावशी, बनूमावशी, मुळावर जन्मलेली. रूपाने, कामाने, स्वभावाने कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पण पत्रिका जायची आणि परत यायची. शेवटी तिला एका साठीच्या बिजवराला दिली. त्याचा बाप आधीच वारलेला, म्हणून त्याला मुळाची भीती नव्हती. बनूमावशी तीन वर्षांत विधवा होऊन भावाच्या दारी परत आली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे लंगोट धूत राहिली. कुणी ओरडलं नाही तिच्यावर, कुणी मारलं नाही. नुसतं म्हणायचे, "मुळावरची आहे ना." इंदूने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं आणि तिला पदराआड ओढून घेतलं.

आणि मग ती हिशेब करू लागली. बाळंतीण दुसरं काय करणार? बारा वाजले तेव्हा छबूबाई दारात जाऊन आली होती. त्यानंतर कळा किती आल्या, किती वेळा तिला उठवून बसवलं, किती वेळा पाणी पाजलं. मधे स्वयंपाकघरात पाट ठेवल्याचा आवाज आला होता, ताटाचा आला होता, आणि नवऱ्याचा "भात वाढ" म्हणतानाचा आवाज तर अगदी स्पष्ट. सतरा मिनिटांत तिची सुटका झाली असती तर तिने देवीला साडी नेसवली असती. सतरा मिनिटांत हा माणूस वरणभातही संपवत नाही.

चौथ्या दिवशी नृसिंहराव घरातल्या बोळातून चालले असताना तिने खोलीच्या दाराआडून हाक मारली. पोरीला पलीकडे तोंड करून निजवलं होतं, त्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून. "अहो, त्या दिवशी मधे तुम्ही जेवलात की. घड्याळ खुंटीला होतं."

नृसिंहराव थांबले. इंदूने पाहिलं, त्यांचे कान लाल झाले होते. तेवढ्यावरून तिला कळलं की ह्या गृहस्थाला उमगलेलं आहे. आज नाही, त्याच दिवशी उमगलं असेल. पण तोवर गल्लीत सांगून झालं होतं. कचेरीत नव्या साहेबाला ते थांबवलेले काटे दाखवून झाले होते. साहेबाने पाठ थोपटली होती. आता ते थुंकलेलं गिळणार कसं?

"बाळंतिणीला वेळेचं भान नसतं," नृसिंहराव शेवटी म्हणाले. "घड्याळ खोटं बोलत नाही." आणि निघून गेले.

घड्याळ खोटं बोलत नव्हतंच. खोटं कोण बोलत होतं, हे घड्याळाला तोंड असतं तर त्याने सांगितलं असतं. इंदू त्या रात्री संतापाने रडली. स्वतःच्या पोरीला जन्मभराचा डाग लागतोय, आणि बापाला दोन पंचमांशांचं पडलंय. सासूबाईंना सांगावं असं तिच्या मनात आलं, पण लेकाचा शब्द म्हणजे त्यांना वेदवाक्य. त्या पळीने तेल घालून बाळाला न्हाऊ घालत, आणि मुळाचं नाव निघालं की उसासा टाकून गप्प बसत. इंदू थांबली. बाराव्या दिवशी बारसं होतं, त्या दिवशी विष्णुपंत पत्रिका वाचणार होते. एकदा चारचौघांत वाचली की ती दगडावरची रेघ.

बारशाला ओटीवर कचेरीतले कारकून, गल्लीतले पुरुष, सगळे जमले. माजघरात बायका आणि पाळणा. पोरीच्या बापाने आत यायचं नाही, म्हणून नृसिंहराव ओटीवरच बैठकीत बसले होते, आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं, कारण घड्याळ हातोहात फिरत होतं. थांबलेले काटे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. एका कारकुनाने उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "रावसाहेब, ही डावीकडची छोटी तबकडी कसली?"

नृसिंहराव खुलले. "ती मिनिटांची. तिच्यात आकडे तीसपर्यंतच आहेत, बघा. अर्धा तास झाला की काटा एक फेरी पुरी करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू."

इंदू माजघराच्या दारात उभी होती. पोर छातीशी, पदराने झाकलेली. तिने हे ऐकलं, आणि बारा दिवस जे तिला सापडत नव्हतं ते ह्या माणसाने स्वतःच्या तोंडाने काढून दिलं. ती उंबरा ओलांडून ओटीवर आली. बाळंतीण पुरुषांच्या बैठकीत आली म्हणून कारकुनांनी माना खाली घातल्या.

"मग आधीच्या फेरीचा हिशेब कुठे राहतो?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"म्हणजे?" नृसिंहराव म्हणाले.

"म्हणजे काटा सतरावर दिसला, तर तो पहिल्याच फेरीतला सतरा की दुसऱ्या, तिसऱ्या, हे घड्याळ सांगतं का?"

"घड्याळ कशाला सांगेल? बघणाऱ्याने लक्षात ठेवायचं."

"आणि त्या दिवशी कोण बघत होतं?"

बैठकीत कुणीतरी खोकलं. विष्णुपंतांनी उघडलेली पत्रिका मांडीवर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

"बाराच्या टोलाला बटण दाबलंत," इंदू म्हणाली, "मग घड्याळ खुंटीला टांगलंत. मुकटा नेसलात. जेवलात. विडा खाल्लात. धोतर नेसलात. इथे ह्या सतरंजीवर आडवे झालात. हे सगळं सतरा मिनिटांत?"

आता इथे शहाणा माणूस हसला असता. अरेच्चा, म्हणाला असता, खरंच की, आणि सगळे हसले असते, पेढे वाटले असते, पोरीचं भलं झालं असतं. पण नृसिंहरावांनी घड्याळाकडे पाहिलं, कारकुनांकडे पाहिलं, आणि मान ताठ करून म्हणाले, "मी त्या दिवशी जेवलोच नव्हतो. मुलीच्या काळजीने घास उतरला नाही."

खोटं बोलावं माणसाने, पण पोरीच्या काळजीचं?

"जेवलास की," माजघरातून मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या दारात आल्या नाहीत. आतूनच बोलल्या, सावकाश, वाती वळता वळता बोलावं तशा. "मीच वाढलं. भात दोनदा मागितलास. आचवायला उठलास तेव्हा एकाचा टोल पडला, तुझ्या हातावर पाणी घालत होते मी. विडा खाऊन तू आडवा झालास, मग पोरगी रडली."

"व्हय, एक वाजून गेल्ता," आतून छबूबाईचाही आवाज आला. बारशाची ओटी घ्यायला ती आली होती. "मला कुनी इचारलंच न्हाई."

ओटीवर कुणी कुणाकडे बघेना. विष्णुपंतांनी चष्मा घातला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि ते मोठ्याने म्हणाले, "म्हणजे एक वाजून सतरा मिनिटं. मूळ केव्हाच संपलं. पूर्वाषाढा! उत्तम नक्षत्र. शांत नको, तेल नको, काही नको. ही पत्रिका बाद." आणि त्यांनी कागद उभा फाडला. कारकुनांच्या जिवात जीव आला. एकाने पेढ्याला हात घातला.

नृसिंहराव काय म्हणाले असतील? पडलो तरी नाक वर. "माझ्याही ते लक्षात आलंच होतं. मी म्हणत होतो, कुणी ओळखतंय का बघू." सगळ्यांनी नुसते पेढे खाल्ले.

इंदू मात्र माजघराच्या दाराशी गेली होती. सासूबाई खरंच वाती वळत बसल्या होत्या. "तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?" तिने हळू विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मनकर्णाबाईंनी वर पाहिलं नाही. "चारचौघांत त्याचं हसं झालं असतं गं."

इंदूला सगळं उमगलं. एका पुरुषाचं हसं होऊ नये म्हणून ही बाई नातीला मुळावर घालायला निघाली होती. रोज तेल लावून न्हाऊ घालत होती, उसासे टाकत होती आणि गप्प होती. तो जेवलोच नाही म्हणाला नसता, तर आजही गप्प राहिली असती. वाढलेला भात नाकारला हे तेवढं तिला सोसलं नाही. नवऱ्याचा इंदूला संताप आला होता, पण तो ओळखीचा संताप होता. हा नवा होता, आणि त्याला काय म्हणावं हे तिला कळेना.

"आणि हिचं?" तिने विचारलं. "हिचं हसं झालं असतं ते?"

मनकर्णाबाईंनी वात वळून ताटलीत ठेवली आणि दुसरी घेतली.

तेवढ्यात नृसिंहराव मागे येऊन उभे राहिले. आता मूळ नव्हतं, तेल नव्हतं, पाहुणे बघत होते, आणि हरलेल्या माणसाला काहीतरी साजरं करायला हवंच असतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मनगटावर घड्याळ चकाकत होतं. "आण," ते मोठ्या प्रेमाने म्हणाले, "आण इकडे, बघू दे आता माझ्या लेकीचं तोंड."

इंदूने पोरीच्या चेहऱ्यावरचा पदर सरळ केला, पण उचलला नाही.

"बारा दिवस नाही बघितलंत," ती म्हणाली. "आता घाई कसली?"

आणि ती पोरीला घेऊन आत पाळण्याकडे गेली. नृसिंहराव पाहुण्यांसमोर हात पुढे करून तसेच उभे होते.